टोप्या कुठल्या खात्यात टाकायच्या?

२८ डिसेंबर २०११, बुधवार. दुपारी दीडच्या सुमारास कुर्ला स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा धरून मी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर पोचले, तेव्हा आधी दिसलं ते मैदान. खरं तर माणसं दिसायला हवी होती. लोकपाल कायद्यासाठीच्या अण्णा हजारे यांच्या तीन दिवसांच्या उपोषणाचा तो दुसरा दिवस. व्यासपीठाजवळ लोक होते, तिरंगे होते, घोषणाही होत्या. पण त्यापलीकडे जागा मोकळीच, आणि मोकळ्या जागेत लाउडस्पीकर घुमतो तसा घुमत होता. मी अर्धा तास थांबले आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत परत निघाले. संध्याकाळी ऑफिसातल्या टीव्हीवर कळलं की अण्णांना ताप आहे, उपोषण आटोपतं घेतलंय आणि जाहीर केलेलं जेलभरो आंदोलनही रद्द झालंय.

चारच महिन्यांपूर्वी, १९ ऑगस्टला, याच माणसासाठी मुंबईच्या डबेवाल्यांनी एक दिवस डबे बंद ठेवले होते. सव्वाशे वर्षांच्या घरातल्या त्या धंद्यातला तो पहिला संप, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. ज्या शहरानं ऑगस्टमध्ये जेवण थांबवलं, ते डिसेंबरात दोन स्टेशनांच्या मधल्या मैदानावरही येईना. हे प्रकरण त्या चार महिन्यांचं आहे. ते मला लांब उभं राहून मांडता येणार नाही, कारण त्यात मी पक्षकार आहे, आणि तीही दोन्ही बाजूंची.

माझी खुर्ची

मी तेव्हा एका लहान कंत्राटदाराकडे हिशेब लिहायचे. कुर्ल्याला औद्योगिक वसाहतीतला गाळा, तीन टेबलं, एक कॉम्प्युटर. मुंबईजवळच्या एका महापालिकेची कामं आमच्याकडे असायची: गटारं, पदपथ, शाळांच्या कुंपणभिंती, पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ. कोट्यवधींचे पूल बांधणारे वेगळे, आम्ही लाखांतले.

या धंद्यात पाकीट कधी द्यायचं याला वेळापत्रक असतं. वर्क ऑर्डर हातात पडताना एक. झालेलं काम मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, चढताना एक. बिल लेखा विभागात गेलं की एक. आणि दोषदुरुस्तीची मुदत संपून अनामत परत मिळायची वेळ आली की शेवटचं. कोणी धमकावत नाही, कोणी आवाज चढवत नाही. 'साहेबांचं बघा' एवढंच. नाही बघितलं तर फाईल नाकारलीही जात नाही. ती नुसती बसून राहते, आणि इकडे सिमेंटवाल्याची उधारी आणि मजुरांचा शनिवार बसून राहत नाही. आमचे मालक मजुरांचा पगार कधी चुकवत नसत. बिल अडकलं तर बायकोचे दागिने गहाण टाकून त्यांनी शनिवार भागवलेला मी पाहिलाय. आणि वहीत पाकिटं लपवायला त्यांनीच मला शिकवलं. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दलची आहेत.

आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३)प्रमाणे तेव्हा एका माणसाला एका दिवसात २० हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च अमान्य व्हायचा. म्हणून पाकीट ८० हजारांचं असेल तर व्हाउचर पाच करायची. एक साडेसतरा हजारांचं, एक चौदा हजार तीनशेचं, अशी. गोल आकडा टाळायचा. मस्टरवर चार मजूर जास्तीचे, कधीच न आलेल्या वाळूच्या दोन गाड्या, डेब्रिज उचलल्याचं एक बिल. सगळं जाऊन पडायचं 'साईट किरकोळ' या खात्यात. बेकायदा कामासाठी केलेला खर्च वजावटीला धरता येत नाही, असंही तोच कायदा सांगतो. म्हणजे आम्ही लाच तर देत होतोच, वर तिच्यावरचा करही बुडवत होतो. अक्षर माझं होतं. चांगलं अक्षर आहे माझं, मालक कौतुक करायचे.

ऑगस्ट

दिल्लीला अण्णा २०११ साली सापडले. आपल्याला ते आधीपासून ठाऊक होते. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी, सैन्यातून परतलेला माणूस, पाणलोटाची कामं, दारूबंदी. आणि मग मंत्र्यांच्या मागे लागलेला माणूस. नव्वदच्या दशकात युतीचे मंत्री, २००३ साली आघाडीचे. माहितीच्या अधिकारासाठी त्याच वर्षी आझाद मैदानावर उपोषण, आणि दोन वर्षांनी देशभराचा कायदा. राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना देवळासमोर खांबाला बांधून मारत, हेही ठाऊक होतं. आपण ते ऐकून मान हलवायचो: गावाच्या भल्यासाठीच ना.

२००५ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाचा अहवाल आला. त्यानं मंत्र्यांवर ठपका ठेवला तसा अण्णांच्या संस्थांचे हिशेबही तपासले. हिंद स्वराज ट्रस्टचे २ लाख २० हजार रुपये अण्णांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर खर्च झाले होते. आयोगानं त्याला स्पष्ट शब्दांत बेकायदा आणि भ्रष्ट व्यवहार म्हटलं. एका उद्योगपतीनं पुढे ट्रस्टला त्याची भरपाई करून दिली. ऑगस्ट २०११ मध्ये काँग्रेसचे प्रवक्ते मनीष तिवारी यांनी हेच उकरून अण्णांना नखशिखान्त भ्रष्ट ठरवलं, लोक खवळले, आणि त्यांना माफी मागावी लागली. त्यांची भाषा मलाही चीड आणणारी होती. पण हिशेबनीस म्हणून सांगते, आयोगाचा मुद्दा बरोबर होता. पैसा कुणी खिशात घातला नाही, एवढ्यानं चुकीच्या खात्यातला खर्च बरोबर होत नाही. माफी भाषेची होती. नोंद तशीच राहिली.

त्या वर्षी लोक आधीच तापलेले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅगनं टू-जी स्पेक्ट्रमवरचा अहवाल मांडला आणि १ लाख ७६ हजार कोटी हा आकडा रिक्षावाल्यांनाही पाठ झाला. त्याच महिन्यात आदर्श प्रकरणी अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं. राष्ट्रकुल स्पर्धांचे घोटाळे रोज निघत होते. आणि नीरा राडिया यांच्या फोनसंभाषणांमधून पहिल्यांदा ऐकू आलं की उद्योगघराणी, लॉबिस्ट, पत्रकार आणि मंत्रिपदं यांच्यात बोलणं कसं चालतं. कुणी ओरडत नव्हतं. आमच्याकडच्या 'साहेबांचं बघा'सारखंच, फक्त इंग्रजीत.

एप्रिलमध्ये जंतरमंतरचं उपोषण झालं, पाच मंत्री आणि पाच नागरिक अशी मसुदा समिती झाली, ती फिसकटली. १६ ऑगस्टला अण्णांना सकाळीच पकडून तिहारमध्ये नेलं. संध्याकाळी सोडतो म्हणाले तर हे बाहेरच येईनात. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काम झालं नाही. गुरुवारी मालक घाऊक बाजारातून पांढऱ्या टोप्यांचा गठ्ठा घेऊन आले. चाळीस नग, 'मैं अण्णा हूँ' छापलेल्या. साईटवरच्या मजुरांसाठी पण. शुक्रवारी अर्धी सुट्टी. पावती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, हे साईट किरकोळमध्ये टाका."

मी टाकलं. दुसरं खातंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी आझाद मैदानात मी जे अनुभवलं त्याला नावं ठेवायला मी आजही तयार नाही. पाऊस भुरभुरत होता. शेजारी उभी असलेली बाई मंत्रालयात टायपिस्ट होती, पुढचा मुलगा इंजिनिअरिंगचा, मागे कोणी सोसायटीचे सेक्रेटरी. जन्मदाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत चहापाणी मोजणारी ही माणसं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसत होती. मी डोंबिवलीची, गर्दी म्हणजे माझ्यासाठी कोपर आणि शिव्या. ही गर्दी वेगळी होती. घशातून 'वंदे मातरम' निघालं तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटलं. वर्षानुवर्षांचं काहीतरी धुतलं जातंय असं वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग पाण्याच्या पाउचांच्या पोत्याजवळ आमचे जेई, म्हणजे महापालिकेचे कनिष्ठ अभियंता, दिसले. ज्यांच्या सहीनं आमची एमबी भरते ते. डोक्यावर टोपी. त्यांनीही मला ओळखलं. एक क्षण दोघंही गडबडलो, मग त्यांनी एक पाउच माझ्यापुढे धरला.

"मॅडम, तुम्ही पण?"

"तुम्ही पण, साहेब?"

हसले. थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाले, "ह्या वॉर्डात यायला मला किती लागले ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. ते कुठून काढायचे?" बदलीसाठी त्यांनी दिले होते, ते वसूल होत होते आमच्याकडून, आम्ही ते काढत होतो सिमेंटच्या गोण्यांतून, आणि पदपथ तिसऱ्या पावसात खचत होता. साखळीतली दोन कडी पाउच फोडून पाणी पीत होती, आणि दोघांच्याही मते चोर वर कुठेतरी दिल्लीत होता.

माझ्या मते या आंदोलनाचं मोठेपण आणि पोकळपण दोन्ही त्या पाउचपाशी होतं. ते इतकं मोठं झालं, कारण त्यात कुणालाच बाहेर राहावं लागलं नाही. घेणाऱ्याला राहावं लागलं नाही. त्याच्या वर कुणीतरी घेत होतंच. देणाऱ्याला तर मुळीच नाही, कारण देणारा बिचाराच ठरलेला. तेव्हाच्या १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही देणारा फार तर साथीदार म्हणून अडकायचा, आणि आपण दिल्याचा जबाब दिला तर तेवढ्यावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. जनलोकपालच्या, म्हणजे आंदोलनानं सुचवलेल्या विधेयकाच्या, मसुद्यात फायदा उपटणाऱ्या कंपनीकडून नुकसानीच्या पाचपट वसुलीची तरतूद होती, हे न्यायानं सांगायला हवं. पण व्यासपीठावरून ते वाक्य कधी गर्दीपर्यंत पोचलं नाही. 'नेते चोर' पोचलं. देणगीदारांच्या यादीत २५ लाख देणारी एक ॲल्युमिनियम कंपनी होती. त्यात बेकायदा काही नव्हतं, यादी आंदोलनानंच जाहीर केली होती. तरी मालकांनी ती वाचून "बघा, सगळे आपल्याच बाजूनं आहेत" म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा जरा धस्स झालं. सगळे आपल्या बाजूनं असतील तर समोर कोण आहे?

ज्यानं टोपी घातली नाही

चाळीस टोप्यांमधली एक परत आली. आमच्या साईट सुपरवायझरची. घाटकोपरचा, आंबेडकरी घरातला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मी विचारलं तर आधी "डोकं लहान आहे, बसत नाही" म्हणून हसण्यावारी नेलं. मग एक दिवस डबा खाताना बोलला.

"मॅडम, बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचलंय का? घटना समितीतलं?"

मी वाचलं नव्हतं. त्यानं फोटोकॉपी आणून दिली. संवैधानिक मार्ग मोकळे असताना सत्याग्रह, असहकार हे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण आहे, ते जितक्या लवकर सोडू तितकं बरं, असं त्यात आहे. राजकारणातली भक्ती ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असंही. मी वाद घातला. म्हटलं, माहितीचा अधिकार उपोषणांशिवाय आला असता का? संसदेत १९६८ पासून लोकपाल पडून आहे, मोकळ्या मार्गानं त्रेचाळीस वर्षं थांबलोच की. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण उपोषणाला बसून कायदा बदलता येतो हे एकदा ठरलं, की उद्या आरक्षण काढा म्हणून कुणी बसलं तर? त्याच्या मंडपात तुमचेच हे सगळे लोक असतील. माझे नसतील."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तसं नाही होणार' हे उत्तर नसतं.

एप्रिलमध्ये अण्णा म्हणाले होते की निवडणुकीला उभं राहिलो तर डिपॉझिट जाईल, कारण मतदार शंभर रुपये, दारूची बाटली किंवा साडी घेऊन मत देतो. आम्ही ऑफिसात त्यावर माना डोलवल्या होत्या. सुपरवायझर म्हणाला, "माझी आई साडी घेते. मत तिला द्यायचं त्यालाच देते. साडी घेणारी भ्रष्ट, आणि साड्यांचा ट्रक पाठवणारा?" पुढे डिसेंबरात आणखी एक गोष्ट त्यानं दाखवून दिली. ६ तारखेला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं आली, दरवर्षी येतात तशी, स्वतःची भाकरी बांधून. त्या आठवड्यात आमच्या टीव्हीवर त्यांच्यासाठी जेमतेम काही मिनिटं होती, तीही वाहतुकीच्या खोळंब्याची.

२८ ऑगस्टला अण्णांनी उपोषण सोडलं, तेव्हा नारळपाणी द्यायला एक दलित आणि एक मुस्लिम मुलगी पुढे आणली गेली. मला तेव्हा ते दृश्य आवडलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "शेवटच्या दिवशी आठवलो आम्ही."

आदल्या रात्री पंतप्रधानांचं पत्र घेऊन रामलीला मैदानावर गेले होते विलासराव देशमुख. संसदेनं तीन मुद्द्यांवर तत्त्वतः सहमती दाखवली होती. सगळ्या देशाला हलवणाऱ्या भांडणात शेवटचा निरोप पोचवायला एक मुरलेला मराठी राजकारणीच लागला, याची मला गंमतही वाटली आणि, खरं सांगते, थोडा अभिमानही.

थप्पड

२४ नोव्हेंबरला दिल्लीत एका तरुणानं शरद पवारांना थोबाडीत मारली. अण्णांची पहिली प्रतिक्रिया होती, एकच मारली का? पुढे सारवासारव झाली. आमच्या ऑफिसात हशा पिकला, मीही हसले. रात्री लोकलमध्ये मात्र ते हसू डाचायला लागलं. सत्तरीचा माणूस, कितीही मतभेद असोत, आणि त्याला मारल्याचं ऐकून गांधीटोपी घातलेला दुसरा सत्तरीचा माणूस मोजणी विचारतो. राळेगणचा खांब मला त्या रात्री आठवला. तो आधीपासून तिथेच होता. मीच त्याला पाणलोटाच्या बंधाऱ्यामागे झाकून ठेवलं होतं.

मैदान

डिसेंबरचं अपयश सगळ्यांनी आपापल्या परीनं समजावून दिलं. कामाचे दिवस होते. नाताळ-नववर्षाची सुट्टी होती (दोन्ही कारणं एकाच माणसाच्या तोंडी ऐकली). अण्णांची तब्येत बरी नव्हती. २७ तारखेला जुहूच्या गांधीपुतळ्यापासून मिरवणुकीनं येतानाच ते थकलेले होते. टीम अण्णातली भांडणं बाहेर आली होती. मैदानाच्या भाड्यावरून आधीच शोभा झाली होती: सवलतीसाठी उच्च न्यायालयात गेले, तर न्यायालयानं हात घालायला नकार दिला, आणि तुमचा सत्याग्रह दुसऱ्याला उपद्रव वाटू शकतो, संसदेत चर्चा चालू असताना समांतर प्रचार कशाला, या अर्थाचे खडे बोलही सुनावले. शिवाय उपोषणाच्या पहिल्याच दिवशी रात्री लोकसभेनं लोकपाल विधेयक मंजूर केलं, फक्त त्याला घटनात्मक दर्जा देणारी दुरुस्ती पडली. ज्या सरकारविरुद्ध बसायचं त्यानं अर्धं काम करून टाकलेलं.

ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांत मी एकाची भर घालते, आणि ती जागेची आहे.

आझाद मैदान म्हणजे समोर महापालिका, पलीकडे सीएसटी, चालत मंत्रालय. तिथे ओरडलं की सरकारकडे तोंड करून ओरडल्यासारखं वाटतं. एमएमआरडीएचं मैदान संकुलाच्या जी ब्लॉकमध्ये. त्याच ब्लॉकमध्ये राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी भवन, भारत डायमंड बोर्स, बँकांची मुख्यालयं. देशातला पैसा जिथून वाहतो तिथे भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाचा मंडप पडला होता, आणि त्या इमारतींविषयी तिथे एक अक्षर बोललं जात नव्हतं. सगळी भाषणं बाराशे-चौदाशे किलोमीटरवरच्या संसदेला उद्देशून. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये लोक वॉल स्ट्रीटजवळच्या झुकोटी पार्कात जाऊन बसले होते, नोव्हेंबरात पोलिसांनी उठवेपर्यंत. त्यांच्याही आंदोलनाचं पुढे फारसं काही झालं नाही. पण निदान ते तोंड कुणाकडे करून बसलेत हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही पाठ करून बसलो.

काचेच्या इमारतींमधून दुपारी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मंडळी जेवायला उतरली होती. काही मैदानाच्या फाटकाशी थांबून मोबाईलवर फोटो काढून गेली. ऑगस्टमध्ये हीच मंडळी, किंवा यांच्यासारखीच, मेणबत्त्या घेऊन चालत होती. मला त्यांचा राग आला नाही. ऑगस्टमध्ये आंदोलनात जायला काही द्यावं लागत नव्हतं. उलट मिळत होतं. मालकांनी तेव्हा अर्धी सुट्टी दिली, डिसेंबरात मी विचारलंच नाही, कारण ३१ तारखेच्या आत दोन बिलं काढायची होती. ती निघाली. तीन व्हाउचर झाली. ती माझ्या अक्षरात आहेत आणि त्यांच्यावर २९ आणि ३० डिसेंबर २०११ या तारखा आहेत. २९ च्या मध्यरात्री राज्यसभेत १८७ दुरुस्त्यांच्या गोंधळात विधेयक मताला न टाकताच कामकाज संपलं, तेही मी त्याच टेबलावर बसून पाहिलं.

पुढचं

पुढचं भराभर सांगते, ते सगळ्यांना माहीत आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात आम आदमी पक्ष, त्याआधीच अण्णा आणि केजरीवाल वेगळे. डिसेंबर २०१३ मध्ये अण्णा राळेगणला उपोषणाला बसलेले असताना लोकपाल विधेयक मंजूर. किरण बेदी भाजपकडून दिल्लीच्या मैदानात. प्रशांत भूषण आणि योगेंद्र यादव 'आप'बाहेर. पहिले लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडला. २०१८ च्या मार्चमध्ये अण्णा पुन्हा रामलीला मैदानावर बसले, तेव्हा रिकाम्या जागेची छायाचित्रं पाहून मला कुर्ल्याची रिक्षा आठवली. डिसेंबर २०१७ मध्ये टू-जी खटल्यातले सगळे आरोपी विशेष न्यायालयानं सोडून दिले. आणि मार्च २०२४ मध्ये केजरीवाल स्वतः अटकेत गेले.

मला जास्त लागून राहिलेली गोष्ट दुसरी आहे. २०१७ च्या वित्त कायद्यानं कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यायच्या देणगीवरची मर्यादा, म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के, काढून टाकली. कुठल्या पक्षाला दिलं हे नफा-तोटा पत्रकात सांगायची सक्तीही काढली. वर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयानं ते १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवेपर्यंत १६ हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले गेले होते. यादी बाहेर आली, तिच्यात सरकारी कंत्राटं घेणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या होत्या. माझ्या भाषेत सांगायचं तर देशाच्या वहीत 'साईट किरकोळ' नावाचं खातं सात वर्षं कायद्यानं उघडं होतं. त्यासाठी कुणी डबे बंद ठेवले नाहीत. मीही फक्त पेपर वाचला.

म्हणजे आंदोलन फसलं, असं म्हणून मोकळं व्हावं का? सुपरवायझर तसं म्हणत नाही, हे विशेष. तो आता स्वतःची लहान कामं घेतो आणि माहितीच्या अधिकारात इतके अर्ज टाकतो की दोन वॉर्डांत त्याच्या नावानं बोटं मोडतात. तो अधिकार उपोषणांमधूनही आलाय, हे मी त्याला अधूनमधून ऐकवते. तो म्हणतो, कायदा संसदेनं केलाय. आमचं ते भांडण मिटलेलं नाही.

२०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. आता लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास सुटका. मी तेव्हाही त्याच मालकांकडे होते. ते कलम मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सात दिवसांत तक्रार करीन हो, ताई," ते म्हणाले. "आठव्या दिवशी बिल कोण काढणार?"

टोप्यांचं राहिलंच. त्या वर्षीचं ऑडिट २०१२ च्या पावसाळ्यात झालं. सीएंच्या ऑफिसातून आर्टिकलचा, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारा, एक मुलगा आला होता, विशीतला, फार मन लावून तपासायचा. 'साईट किरकोळ'ची फाईल त्यानं पानापानानं उलटली. कधीच न आलेल्या वाळूच्या गाड्या त्यानं पास केल्या, मस्टरवरचे जास्तीचे चार मजूरही पास केले. एका पावतीवर थांबला.

"मॅडम, टोप्या, चाळीस नग. ही सेफ्टी हेल्मेटं का?"

मी हो म्हटलं. त्यानं हिरव्या शाईनं टिक केली आणि पान उलटलं.